पावसाळ्यातील एक दिवस आणि आमची तालीम

मराठी माध्यमाच्या शाळेत गेलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध लिहिलेला असतो. आम्हीही लिहिला. फरक इतकाच की तो आम्ही लोणावळ्यात बसून लिहिला. आषाढ लागला की इथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि समोरचा डोंगर आहे की गेला हे धुक्यामुळे सांगता येत नाही. म्हणजे या विषयावर बोलण्याचा अधिकार जर कोणाला असेल, तर तो आमच्या वर्गाला होता.

आम्ही तेव्हा सातवीत होतो. अब्बा चिक्कीच्या कारखान्यात कामाला. निबंधात आम्ही जे पाहिलं ते लिहिलं. पाऊस लागला की चिक्की सादळते, म्हणून ती लाटून, कापून, गरम आहे तोवर पिशव्यांत भरावी लागते आणि अब्बांच्या बोटांना चटके बसतात. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं भुशी धरणावर भिजायला येतात. पैसे खर्च करून भिजायला येणाऱ्या माणसांचं आम्हाला नवल वाटतं, कारण आम्ही फुकट भिजतो आणि वर अम्मीचा मार खातो. कपडे वाळत नाहीत. चुलीवर धरून वाळवले तर त्यांना धुराचा वास लागतो आणि तो वास घेऊन वर्गात बसलं की शेजारचा मुलगा थोडा सरकून बसतो. असं दीड पान झालं होतं.

सरांनी ते वाचलं, हसले, लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला आणि दहापैकी दोन गुण दिले. मग फळ्यावर आदर्श निबंध उतरवून दिला. त्यात वेली आनंदाने डोलत होत्या, बळीराजा सुखावला होता आणि मोर पिसारा फुलवून नाचत होता. आम्ही तोपर्यंत मोर पाहिलेला नव्हता. पण परीक्षेत तो नाचवला आणि आठ गुण मिळवले. आणखी एक गोष्ट त्या दिवशी घडली. वाचून दाखवताना आमच्या तोंडून घरचा दखनी शब्द निघून गेला, तेव्हा सर म्हणाले, "घरची भाषा घरी ठेवायची." ते वाईट गृहस्थ नव्हते. पावसात आमच्या घरावरचा पत्रा उडाला तेव्हा वर्गणी काढणारे तेच होते. त्यांना जे शिकवलं होतं तेच ते शिकवत होते.

साहित्याच्या वार्षिकात ही शाळेची रडगाणी कशाला, असं काही वाचकांना वाटेल. आमचं म्हणणं असं, की साहित्यातली पहिली समीक्षा आपल्या वाट्याला येते ती याच लाल शाईने. सोलापूरला १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आपण एक मागणी सतत मांडत आलो आहोत: आमचं जगणं, आमच्या शब्दांत, मराठीत यावं. प्रस्थापितांनी ते येऊ दिलं नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. पण ते येण्याची वाट पहिल्यांदा कुठे अडवली गेली? संपादकाच्या टेबलावर नव्हे. वहीच्या समासातच ती बंद झाली. ज्या मुलाला बाराव्या वर्षी कळलं की पाहिलेलं लिहिलं तर दोन आणि न पाहिलेलं लिहिलं तर आठ, तो मोठेपणी कविता लिहायला बसला तरी मोरच नाचवणार. आमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या कवितासंग्रहांपैकी निम्म्यांत हा मोर आम्हाला भेटतो. कधी तो चंद्र होतो, कधी गुलमोहर होतो, कधी 'मानवता' होतो.

घोकंपट्टीला विरोध ही पाश्चात्त्य फॅशन आहे, असं आपल्यातले काही बुजुर्ग मानतात. त्यांच्यासाठी इब्ने खल्दूनची आठवण काढावी लागते. हा ट्यूनिसचा माणूस. १३३२ साली जन्मला, १४०६ साली कैरोत वारला. १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्याने शिक्षणावर जी प्रकरणं लिहिली, ती आजच्या मावळातल्या शिक्षकाच्या हातात दिली तर त्याला ती कालची वाटतील. तो म्हणतो, मगरिबातले कितीएक विद्यार्थी वर्षानुवर्षं दर्सला बसतात, पण तोंड उघडत नाहीत. चर्चेत भाग घेत नाहीत, सगळा जोर पाठांतरावर. परिणामी त्यांना इल्म येतं असं वाटतं, पण बोलायची किंवा शिकवायची वेळ आली की त्यांच्या हाती काही नसतं. मोरोक्कोत मदरशाचा मुक्काम सोळा वर्षांचा, ट्यूनिसमध्ये पाच वर्षांचा. सोळा वर्षं का लागतात, तर शिकवण्याची रीत चुकीची आहे म्हणून, असं त्याचं निदान आहे. त्यावर त्याने सांगितलेला उपाय सोपा आहे: जीभ मोकळी करा, वाद घालू द्या.

आणखी दोन गोष्टी त्याने सांगितल्या आहेत. विषयाचे गोळीबंद सारांश काढून मुलांच्या हाती देणाऱ्या पुस्तकांनी शिक्षणाचं नुकसान होतं. ज्याला आपण 'गाईड' म्हणतो त्याचीच ही चौदाव्या शतकातली तक्रार. आणि दुसरी, मारझोड. जे मूल धाकात वाढतं ते आळशी होतं, खोटं बोलायला आणि कावेबाजपणाला शिकतं, कारण मनात आहे ते दाखवलं तर हात उगारला जाईल ही भीती त्याला असते. आम्ही मोर नाचवला तो याच भीतीने. इतकंच की आमच्यावर हात उगारला गेला नव्हता, गुण उगारले गेले होते.

इब्ने खल्दून आणखी एके ठिकाणी फार धीटपणे बोलतो. कोवळ्या मुलाला अर्थ कळण्याआधी कुरआन पाठ करायला लावण्याऐवजी आधी भाषा, कविता आणि हिशेब शिकवावा, असं अंदलुसियाच्या एका काझीचं मत होतं. इब्ने खल्दून ते मत नोंदवतो, चांगलं आहे म्हणतो, आणि लगेच सांगतो की रिवाज याला अनुकूल नाही. आम्हाला या ठिकाणी तो फार जवळचा वाटतो. पटलेलं सांगावं आणि जमात ऐकणार नाही हेही सांगून टाकावं, अशी त्याची रीत आहे.

आता गोष्टीकडे येऊ. प्रेमचंदांची 'ईदगाह' १९३३ सालची. शाळांतून ती वर्षानुवर्षं शिकवली जाते, आणि ती शिकवण्याची पद्धत बघितली की शाळा साहित्याचं काय करते ते कळतं. हामिदकडे तीन पैसे. बाकीची मुलं खेळणी आणि मिठाई घेतात, हा दादी अमीनाचे हात तव्यावर भाजू नयेत म्हणून चिमटा घेतो. प्रश्नोत्तरांत तात्पर्य ठरलेलं असतं: 'हामिदचा त्याग.' आम्ही ती कथा पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की तिच्यातला सगळ्यात रंगलेला भाग त्यागाचा नाहीच. तो वादाचा आहे. दुकानदार सहा पैसे सांगतो, हामिद तीन पैशांत सौदा करतो. मग महमूद, मोहसिन, नूरे, सम्मी यांच्या शिपायाला, भिश्तीला, वकिलाला तो नुसत्या तर्काने चीत करतो. पाण्यात पडला तर तुमचा शिपाई विरघळेल, माझा चिमटा विरघळणार नाही, या धर्तीवर तो बोलत जातो आणि शेवटी खेळणीवाली पोरं चिमटा हातात घेऊन बघायला मागतात. चार-पाच वर्षांचं गरीब पोर, नवा सदरा नाही, पायांत जोडा नाही, आणि सगळ्या टोळीच्या मताविरुद्ध एक निर्णय घेऊन तो पटवून देतो. स्वतंत्र बुद्धीचं याहून चांगलं चित्र आपल्या साहित्यात शोधावं लागेल. पण 'हामिदने वाद कसा जिंकला? तुम्ही महमूदच्या बाजूने असता तर काय उत्तर दिलं असतं?' असा प्रश्न परीक्षेत विचारलेला आम्ही पाहिला नाही. शाळेला हामिद हवा असतो तो आज्ञाधारक नातू म्हणून.

या सगळ्यावर आपल्या भागात कुणी विचार केलाच नव्हता, असं नाही. लोणावळ्याहून लोकलने तासाभरात येणारं तळेगाव दाभाडे हे त्याचं ठिकाण आहे, आणि तिथली हकीकत मुस्लिम वाचकाने नीट, दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचावी अशी आहे.

प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३-१९२६) हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक, 'ग्रंथमाला' आणि 'विश्ववृत्त' या मासिकांचे संपादक. बंगालची फाळणी झाली, स्वदेशी, बहिष्कार आणि स्वराज्य यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षण हे चौथं सूत्र टिळकांनी दिलं, त्या काळात त्यांनी समर्थ विद्यालय काढलं. ते पुढे तळेगावात स्थिरावलं. सरकारी शिक्षण कारकून तयार करतं, हातातलं कसब आणि डोक्यातला विचार दोन्ही मारतं, हे त्यांचं मूळ म्हणणं. म्हणून शिकवायचं मराठीतून आणि पुस्तकाबरोबर उद्योगही शिकवायचा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभा केलेल्या पैसा फंडाचा काच कारखानाही १९०८ साली तळेगावातच सुरू झाला. म्हणजे एकाच गावात शाळा आणि भट्टी. आज त्या रस्त्याने जाताना आम्हाला नेहमी वाटतं, की आमच्या अब्बांची भट्टी आणि आमची शाळा यांच्यात फर्लांगभराचंच अंतर होतं, पण एकीतलं काही दुसरीत येऊ नये अशी तजवीज कुणीतरी करून ठेवली होती. गुळाचा पाक कधी काढायचा हे अब्बा थेंब पाण्यात टाकून ओळखत. ते विज्ञानाच्या तासाला कुणी विचारलं असतं तर आम्हाला सांगता आलं असतं.

'विश्ववृत्ता'तल्या एका लेखावरून १९०८ साली विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला झाला, ते तुरुंगात गेले. १९१० साली सरकारने समर्थ विद्यालय बंद केलं. शाळा बंद करण्यासाठी साम्राज्याला हुकूम काढावा लागला, यावरूनच तिच्यात काही जीव होता हे दिसतं. आजच्या शाळांपैकी किती सरकारला धोकादायक वाटतील?

इथपर्यंत आम्ही विजापूरकरांचे चाहते आहोत. पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात हेच प्राध्यापक राजर्षी शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. राष्ट्रीय शिक्षणातल्या 'राष्ट्रा'ची प्रतिमा समर्थ रामदास, वेद आणि पेशवाई यांच्या भोवती फिरणारी होती. तिथे गुळाच्या भट्टीवरच्या शेखचा किंवा मावळातल्या महाराचा मुलगा कुठल्या बाकावर बसला असता, हा प्रश्न आम्ही विचारणार. आणि त्याच कोल्हापुरात, १९०६ साली, शाहू महाराज मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करत होते, मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग चालू करत होते. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अभ्यासक्रमात काय असावं, यावर महाराजांनी विजापूरकरांइतका खल केला नसेल, पण मुलाला आत येऊ द्यायचं की नाही यावर मात्र केला.

आमच्या मते शंभर वर्षांपूर्वीचा तो झगडा मिटलेला नाही. महाराष्ट्रात विचार करायला लावणाऱ्या शाळा एका बाजूला आणि सगळ्यांना आत घेणाऱ्या शाळा दुसऱ्या बाजूला राहिल्या. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं, पुण्यात १९९२ साली अक्षरनंदन सुरू झालं. मुलाच्या प्रश्नाला मान देणाऱ्या या शाळा आहेत, त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे, लीलाताईंचं लेखन आम्ही रात्र जागून वाचलं आहे. पण आमच्या मोहल्ल्यातला पालक तिथवर पोचत नाही. त्याच्या मुलाला मिळते ती फळ्यावरून उतरवून घ्यायची शाळा. ती त्याला आत घेते एवढ्यावर त्याने शुक्र मानायचा. स्वतंत्र विचार ही खात्यापित्या घरातल्या मुलांची चैन आहे आणि गरिबाच्या मुलाला आधी अक्षर आणि अंक येऊ द्या, हे वाक्य आम्ही शिक्षणाधिकाऱ्यांकडूनही ऐकलं आहे आणि मशिदीच्या ट्रस्टींकडूनही. दोघांचं एकमत व्हावं असे विषय फार थोडे आहेत. हामिदकडे पैसे तीनच होते, म्हणून तर त्याला सगळ्यांत जास्त विचार करावा लागला, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

ही दोन टोकं जोडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला आणि त्याच्या अग्रभागी एक मुसलमान होता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. तिथून जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन. बर्लिनमध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले, १९२६ पासून जामिया मिल्लियाचा डोलारा तुटपुंज्या पगारावर सांभाळणारे. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या भोवती गुंफलेलं, असा तो आराखडा. खेड्यातल्या प्रत्येक मुलासाठी. मुस्लिम लीगने त्याला कडाडून विरोध केला. मध्य प्रांतात त्याच सुमारास निघालेल्या योजनेला 'विद्यामंदिर' नाव दिलं गेलं आणि नावावरूनच रान पेटलं. नाव देणाऱ्यांना दुसऱ्याच्या मनाचा विचार करावासा वाटला नाही, आणि विरोध करणाऱ्यांना नावाच्या आत काय आहे ते बघावंसं वाटलं नाही. पुढे ज्या शाळांत ही योजना गेली तिथे विचार गळून पडला आणि टकळी तेवढी उरली. खुद्द झाकिरसाहेबांनी त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. एखाद्या जिवंत कल्पनेचा आपल्याकडे परिपाठ होतो, आणि परिपाठाचा मग निबंध होतो.

झाकिरसाहेबांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या, हे मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांतली गाजलेली. अब्बू खाँची लाडकी शेळी चांदनी. दावं सोडून डोंगरावर निघून जाते, तिथे लांडगा आहे हे तिला माहीत असतं. ती रात्रभर त्याच्याशी झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरचे पक्षी म्हणतात लांडगा जिंकला. एक म्हातारी चिमणी म्हणते, चांदनी जिंकली. पुढे राष्ट्रपती झालेल्या माणसाने मुलांना ही गोष्ट सांगितली, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं. तिचं तात्पर्य एका ओळीत लिहा, असा प्रश्न विचारता येत नाही, कारण पक्ष्यांचं एकमत होत नाही. बहुमत तर उलटच आहे. चांगला धडा असाच असावा, वर्ग सुटल्यावर मुलं भांडत घरी जावीत असा.

आता थोडं आपल्या घरात डोकावू. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिलं, की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी सुमारे तीनच टक्के आहेत, आणि सहा ते चौदा वयाची पंचवीस टक्के मुलं एकतर शाळेत गेलेलीच नाहीत किंवा शाळा सोडून बसली आहेत. म्हणजे बाहेरचे लोक ज्या मदरशावर सगळा राग काढतात तो आपला मुख्य प्रश्न नाही. उरलेली बहुसंख्य मुलं शाळांत आहेत आणि तिथे काय होतं हा मुख्य प्रश्न आहे. पण त्यामुळे आपली सुटका होत नाही. पोराने मकतबमध्ये 'का' विचारलं तर बेअदबी, घरात विचारलं तर जबान चालवतो, शाळेत विचारलं तर वेळ नाही. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाल्यावर ते चौथ्या ठिकाणी विचारणार नाही. मुलीचं तर बोलायलाच नको. 'इज्तिहाद' हा शब्द आपण व्याख्यानांत अभिमानाने वापरतो, पण त्याची सवय कुठल्या इयत्तेपासून लावायची यावर आपली कुठली परिषद भरलेली आम्हाला आठवत नाही. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्यांच्याशी अनेक मुद्द्यांवर आपल्या वाचकांचे मतभेद असतील, आमचेही काही आहेत. पण प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आपण कसं वागवलं, हे पोरं घरात बसून बघत होती.

आणि आता नवा रोग इंग्रजी माध्यमाचा. एक्सप्रेस-वे २००२ साली पूर्ण झाला, मावळातल्या जमिनींचे भाव वाढले, आणि कामशेत-वडगावपर्यंत टाय लावलेल्या शाळा निघाल्या. घरात दखनी, गल्लीत मराठी, मकतबमध्ये अरबी, शाळेत इंग्रजी, आणि पोर चारही भाषांत गप्प. पालकाचा दोष नाही. नोकरी कुठल्या भाषेत मिळते हे त्याला दिसतं. पण आमचा अनुभव असा, की विचार ज्या भाषेत सुचतो ती भाषा दाराबाहेर ठेवायला सांगितली की विचारही चपलांबरोबर दाराबाहेरच राहतो.

अडचण पैशाची आहे, पुस्तकांची आहे, शिक्षकांना निवडणुकीची आणि खानेसुमारीची कामं आहेत, हे सगळं आम्ही ऐकून आहोत आणि खरं आहे. तरी एक गोष्ट सांगतो, जिला पैसे लागत नाहीत. काही वर्षांपूर्वी आम्ही मोहल्ल्यातल्या दहा-बारा मुलांना घेऊन कार्ल्याला गेलो. एकवीरेच्या पायऱ्या चढून वर गेलं की चैत्यगृह लागतं. आत खांबांवर ब्राह्मी अक्षरांत देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. हा खांब अमक्याने दिला, तो तमक्याने. त्यांत धेनुकाकट गावचे कितीतरी दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. आम्ही हे वाचून दाखवल्यावर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मुसलमान?" तिची चूक नव्हती. जुन्या मराठी बखरींत, नाटकांत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत तिने यवन हा शब्द त्याच अर्थाने ऐकला होता, आणि ऐकताना मान खाली घातली होती. आम्ही सांगितलं, हे लेख दोन हजार वर्षांच्या आसपासचे, पैगंबरांच्या जन्माच्या कितीतरी आधीचे. यवन म्हणजे मुळात आयोनियाचे, ग्रीक. तिने जरा विचार केला आणि विचारलं, "मग आम्हाला हे नाव कुणी दिलं? आणि हे ग्रीक इथे डोंगरात बुद्धाला खांब का देत होते?" एका प्रश्नात भाषेचा इतिहास, दुसऱ्यात व्यापाराचा आणि धर्माचा. पी.एच.डी.चे दोन विषय त्या पोरीने पाच मिनिटांत काढून दिले. आम्हाला दोन्हींची पुरती उत्तरं देता आली नाहीत, तसं आम्ही तिला सांगितलंही. तेव्हा मुलं आमच्याकडे ज्या आश्चर्याने बघू लागली ते आम्ही विसरलेलो नाही. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट येत नाही, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मावळात असा माल जागोजागी पडला आहे. लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी १९१५ पासून घाटाखाली खोपोलीला जाऊन वीज करतं, त्यात भौतिकशास्त्र आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली ती कुणाच्या मजुरीवर, हा इतिहास आहे. पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ आंदोलन झालं आणि गोळीबारात तीन शेतकरी गेले, ते नागरिकशास्त्र आहे. या मुलांच्या डोळ्यांसमोरचं आहे सगळं. पण तालुक्याचा भूगोल म्हणून त्यांना पाठ असतं ते सरासरी पर्जन्यमान.

तळेगावात राहून गेलेले गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत निघाले. पुढे 'पवनाकाठचा धोंडी', 'माचीवरला बुधा' लिहून त्यांनी तुंग आणि राजमाचीचा मावळ मराठीत आणला, 'स्मरणगाथे'ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या इतिहासदृष्टीशी आमचं जमत नाही. पण त्यांच्या मावळातल्या पावसाला ओल आहे, घोंगडीला वास आहे. शाळा सुटली म्हणून हे साधलं, असं म्हणणं सोपं आहे आणि आम्हाला ते मान्य नाही. गोनीदांना शाळेबाहेर गाडगे महाराज भेटले, भटकंती भेटली. आमचा पोरगा शाळा सोडतो तेव्हा त्याला गॅरेज भेटतं, चिक्कीचं दुकान भेटतं, टपरी भेटते. शाळा सोडण्याचा रोमँटिक गौरव निदान आपण तरी करू नये. आपल्याला शाळा हवी आहे, फक्त ती बदलून हवी आहे.

कागदावर ती बदललेली आहेच. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ज्ञान मूल स्वतः रचतं असं लिहिलं आहे. २००९ च्या कायद्याने शिक्षण हक्क झालं, २०२० च्या धोरणात सर्जनशीलता आणि चिकित्सक विचार हे शब्द पानोपानी आहेत. शब्दांना आमची हरकत नाही. आमची शंका इतकीच, की ते शब्दही आता शिक्षक पाठ करून प्रशिक्षणाच्या चाचणीत लिहितात.

गेल्या पावसाळ्यात शेजारची एक मुलगी वही घेऊन आमच्याकडे आली. विषय तोच. निबंध तिने मोबाइलकडून लिहून घेतला होता, आता गाईडचीही गरज राहिलेली नाही. शुद्धलेखन बिनचूक. दुसऱ्या परिच्छेदात मोर होता. आम्ही वही मिटली आणि विचारलं, "बेटा, काल तुमच्या घरी काय झालं?" ती अर्धा तास बोलली. घाटात दरड कोसळून गाड्या थांबल्या, तिचा भाई कर्जतला अडकला, दादी रात्रभर तसबीह घेऊन बसली, अब्बा गॅलरीत उभे राहून फोन लावत राहिले. पहाटे भाई आला तो चिखलाने माखलेला, आणि कुणी काही न बोलता अम्मीने त्याच्यापुढे चहा ठेवला. बोलून झाल्यावर तिने विचारलं, "चाचा, ये लिखी तो मार्क मिलते क्या?"

आम्ही सांगितलं, माहीत नाही. मग तिने दोन्ही लिहिलं. मोराचा निबंध वहीत, सरांसाठी. दुसरा वहीच्या मागच्या पानांवर, अर्धा मराठीत आणि अर्धा दखनीत. मागची पानं आम्ही तिच्याकडून मागून घेतली आहेत. संपादकांनी पुढच्या अंकात दोन पानं मोकळी ठेवली, तर तिच्या अब्बांना विचारून ती आम्ही पाठवू. मात्र भाषा सुधारू नये.